ढगमाथा आणि घाटमाथा: इन्सॅट-३डीएसच्या पहिल्या वर्षातील प्रकल्प नोंदी

१७ फेब्रुवारी २०२४, शनिवार

संध्याकाळी ५ वाजून ३५ मिनिटांनी जीएसएलव्ही-एफ१४ या प्रक्षेपकाने श्रीहरिकोट्याहून इन्सॅट-३डीएस घेऊन उड्डाण केले आणि वीस मिनिटांच्या आत २,२७४ किलोचा हा हवामान उपग्रह हस्तांतरण कक्षेत सुटला. अहमदाबादेत आमच्या गटातील सर्वजण सुट्टीच्या दिवशीही कार्यालयात थांबले होते, खरे तर आज आमचे काहीच काम नव्हते. आमचे काम उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर कक्षेत जाऊन स्थिरावल्यावर आणि त्याने पृथ्वीकडे पाहायला सुरुवात केल्यावर सुरू होते. यंत्राने पाठवलेल्या कच्च्या आकड्यांना तापमानाचा अर्थ द्यायचा, प्रत्येक पिक्सेलला अक्षांश-रेखांश द्यायचे आणि मग त्यातून ढग, वारे, समुद्राचे तापमान व पाऊस यांचे अंदाज काढायचे, अशी ही साखळी आहे. २०१३ मधील इन्सॅट-३डी आणि २०१६ मधील इन्सॅट-३डीआर यांच्यासाठी ती आधीच उभी आहे. नव्या उपग्रहाची यंत्रेही बहुतांशी त्याच घडणीची आहेत, पण घडण तीच असली तरी प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा निघतो, असे येथील जुन्या मंडळींचे म्हणणे आहे.

या नोंदी मी माझ्या वाटणीच्या कामापुरत्या, म्हणजे पावसाच्या अंदाजापुरत्या ठेवणार आहे.

७ मार्च २०२४, गुरुवार

पहिल्या प्रतिमा आल्या. सहा वाहिन्यांचा, म्हणजे प्रकाशाच्या सहा वेगवेगळ्या पट्ट्यांत प्रतिमा घेणारा इमेजर आणि वातावरणाच्या थराथरांतील तापमान व बाष्प मोजणारा एकोणीस वाहिन्यांचा साउंडर, या दोन्ही यंत्रांनी आज पृथ्वी पाहिली. सर्वांचे डोळे दृश्य वाहिनीतील हिंदी महासागराकडे लागलेले असताना मी मात्र किनारारेषा बसवून पाहत होते. प्रतिमेवर नकाशातील किनारा टाकला की खंबातचे आखात, श्रीलंकेचा दक्षिण किनारा आणि इराणच्या आखाताची मुखे या तीन ठिकाणी नजर आपोआप जाते, कारण तेथे जमीन आणि पाणी यांची सीमा ठसठशीत असते आणि प्रतिमा दोन पिक्सेलने सरकली असली तरी लगेच कळते. दृश्य आणि लघुतरंग अवरक्त वाहिन्यांचा पिक्सेल १ किलोमीटरचा, मध्यम व औष्णिक अवरक्त वाहिन्यांचा ४ किलोमीटरचा, तर बाष्प वाहिनीचा ८ किलोमीटरचा आहे. म्हणून एकाच किनाऱ्याची परीक्षा प्रत्येक वाहिनीत वेगळ्या कडकपणाने घ्यावी लागते.

पुढील काही आठवडे कॅलिब्रेशनचे असतील. स्कॅन करणारा आरसा एकदा रित्या अवकाशाकडे आणि एकदा यंत्रातील ज्ञात तापमानाच्या कृष्णपटलाकडे वळतो, आणि या दोन टोकांच्या आधाराने मधल्या सर्व आकड्यांना तापमान मिळते. त्यावर दुसरी तपासणी म्हणून युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरील अवरक्त वर्णपटमापकाशी तुलना करायची असते.

१८ एप्रिल २०२४, गुरुवार

आज कामाची विभागणी झाली. माझ्याकडे पश्चिम घाट आला. मी मूळची सातारा जिल्ह्यातील असल्यामुळे तो मलाच द्यावा, असे आमच्या विभागप्रमुख मॅडमनी हसत सांगितले. त्या हसण्याचे कारण मला ठाऊक होते. अवरक्त प्रतिमांवरून काढलेला पाऊस घाटात कमी पडतो, म्हणजे अंदाजात कमी पडतो, ही तक्रार उपग्रह बदलले तरी कायम राहिली आहे.

मूळ पद्धत साधी आहे. ढगाचा माथा जितका उंच तितका तो थंड, आणि जितका थंड तितका त्याखाली पाऊस जास्त असण्याची शक्यता. या विचारावर आधारलेल्या एका जुन्या निर्देशांकात तर २३५ केल्विनपेक्षा, म्हणजे उणे ३८ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असलेल्या ढगाखाली तासाला सरसकट ३ मिलिमीटर पाऊस धरला जाई. आता वापरात असलेल्या पद्धती यापेक्षा बऱ्याच पुढे गेल्या आहेत. त्यांत ढगाच्या आत डोकावणाऱ्या सूक्ष्मतरंग उपग्रहांच्या मापनाची जोड असते, काहींत हवामान प्रारूपातील बाष्प आणि डोंगरावर आपटणारा वाराही हिशेबात घेतात. तरीही मुळाशी तोच विचार आहे: उपग्रह ढगाचा माथा पाहतो आणि पाऊस पडतो तो ढगाच्या तळातून.

माझे काम या तुटीचे कारण वेगवेगळे करून दाखवणे आणि जमल्यास त्यातील काही भाग दुरुस्त करणे हे आहे. मुदत पुढील फेब्रुवारीपर्यंत.

१४ मे २०२४, मंगळवार

काल दुपारी मुंबईत धुळीचे वादळ आणि गडगडाटी पाऊस झाला आणि घाटकोपरला एक अवाढव्य जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला. मृतांचा आकडा वाढतो आहे. आज कार्यालयात सर्वांनी आपापल्या वाहिनीतून कालची दुपार पुन्हा पाहिली. पूर्वमोसमी वादळी ढग अर्ध्या तासात वाढून पसरतो, आणि आमच्या एका उपग्रहाची पूर्ण प्रतिमा अर्ध्या तासाला एक येते. दोन उपग्रहांच्या वेळा पंधरा मिनिटांच्या अंतराने लावल्या की फट कमी होते, पण अशा ढगाच्या आयुष्यात पंधरा मिनिटेही मोठीच असतात. अशा दिवशी शेवटचा आधार डॉप्लर रडारचा.

२७ मे २०२४, सोमवार

‘रेमल’ चक्रीवादळ काल रात्री सागर बेट आणि खेपुपाडा यांच्या दरम्यान किनारा ओलांडून गेले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाचे वारे होते. या दोन दिवसांत मनात आलेली एक तुलना येथे लिहून ठेवते. समुद्रावर पर्जन्यमापक नसतात, जहाजे वादळापासून दूर पळतात आणि डोळ्यासमोर असतो तो फक्त उपग्रह. ढगांच्या वळणाची घडी पाहून वादळाची तीव्रता ठरवण्याची जी पद्धत व्हर्नन ड्व्होराक यांनी १९७० च्या दशकात बसवली, ती आजही त्याच तत्त्वावर चालते, कारण तेथे ढगमाथ्याचा आकार आणि खालचे वारे यांचे नाते घट्ट आहे. घाटात हे नातेच सैल आहे. एकच यंत्र एका ठिकाणी सर्वांत विश्वासू साक्षीदार ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी त्याचे म्हणणे उलटतपासणीशिवाय घेता येत नाही.

१० जून २०२४, सोमवार

मोसमी पाऊस केरळात ३० मे रोजी आला होता. काल तो मुंबईत पोहोचल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. तुलनेची स्क्रिप्ट आजपासून रोज चालेल. एका बाजूला घाट व कोकणातील पर्जन्यमापकांची चोवीस तासांची नोंद, दुसऱ्या बाजूला त्या ठिकाणच्या पिक्सेलांतील अर्ध्या-अर्ध्या तासाच्या अंदाजांची बेरीज.

२४ जून २०२४, सोमवार

दोन आठवड्यांचा ताळमेळ इतका वाईट आला की मला संशय उपग्रहाचा न येता स्वतःचाच आला, आणि तो खरा ठरला. चूक सर्वस्वी माझी आहे, म्हणून ती सविस्तर नोंदवते.

भारतात पावसाची नोंद सकाळी साडेआठला होते आणि मागील चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेखाली लिहिला जातो. साडेआठ म्हणजे जागतिक वेळेनुसार पहाटेचे ३. म्हणजे २० तारखेखाली लिहिलेला पाऊस हा जागतिक वेळेच्या हिशेबात १९ च्या ३ वाजल्यापासून २० च्या ३ वाजेपर्यंतचा असतो. माझ्या स्क्रिप्टने मात्र उपग्रहाच्या प्रतिमा जागतिक वेळेच्या मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजल्या आणि तारखेशी तारीख जुळवली. परिणामी ज्या दोन चोवीस तासांची मी इतके दिवस तुलना करत होते, त्यांच्यात समान असे फक्त तीन तास होते. उरलेले एकवीस तास मी कालच्या पावसाची गाठ उद्याच्या ढगांशी घालत होते, आणि तरीही काही ठिकाणी आकडे बरे जुळले, कारण जूनच्या शेवटी कोकणात काल आणि आज यांत फारसा फरक नसतो. हे बरे जुळणेच अधिक धोक्याचे होते.

स्क्रिप्ट दुरुस्त केली. जुने निकाल काढून न टाकता ‘चुकीची वेळ’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत.

२ जुलै २०२४, मंगळवार

वेळ झाली, आता जागा. विषुववृत्तावर ८२ अंश पूर्व रेखांशावरून पाहणारा उपग्रह ताम्हिणी घाटाकडे तिरपा पाहतो. त्यामुळे उंच ढग आपल्या खऱ्या जागेवर न दिसता उपग्रहापासून दूर, म्हणजे वायव्येकडे, सरकलेला दिसतो. हिशेब केला तर १५ किलोमीटर उंचीचा ढगमाथा तेथे सुमारे साडेसहा किलोमीटर सरकतो. औष्णिक वाहिनीचा पिक्सेल ४ किलोमीटरचा असल्याने ही सरक दीड पिक्सेलाहून अधिक झाली. घाटात एवढ्या अंतरात डोंगराची धार ओलांडून पाऊस निम्म्यावर येऊ शकतो.

दुरुस्ती घातली. मुंबई आणि उत्तर कोकणातील गडगडाटी पावसाच्या दिवशी तिचा चांगला उपयोग दिसला. घाटमाथ्यावर मात्र जवळपास काहीच फरक पडला नाही. याचे कारण मला आधीच सुचायला हवे होते: तेथील ढग ४ किलोमीटर उंचीचे असतील तर त्यांची सरक दोन किलोमीटरही भरत नाही, म्हणजे अर्धा पिक्सेलही नाही. दुरुस्तीचा उपयोग न होणे हीच घाटातील ढग ठेंगणे असल्याची खूण होती.

९ जुलै २०२४, मंगळवार

रविवारी मध्यरात्रीनंतर, म्हणजे सोमवारी पहाटे १ ते सकाळी ७ या सहा तासांत मुंबईत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. लोकल गाड्या थांबल्या, शाळा बंद राहिल्या. या पावसाची वेळ माझ्या वहीत ठळक करून ठेवली आहे. तो सगळा रात्रीचा होता.

१८ जुलै २०२४, गुरुवार

मेढ्याला आत्याला फोन केला होता, तो कामासाठी नव्हे. बोलता बोलता तिला सांगितले की इथे आम्ही वरून ढग बघतो आणि तुमच्याकडचा पाऊस मोजतो. ती म्हणाली, “अगं, ढग काय वर असत्यात व्हय? पावसाळ्यात अंगणातच असत्यात.” हे वाक्य मी आजच्या बैठकीत जसेच्या तसे सांगितले, कारण तीन महिने मी आकडे मांडून जे सांगू पाहते आहे ते यात आहे.

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने जड झालेले वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आपटून सक्तीने वर चढतात. तयार होणारा ढग पुष्कळदा तीन ते पाच किलोमीटरपर्यंतच जातो. मोसमी काळात शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते, म्हणजे हा ढग गोठण्याच्या रेषेखालीच राहतो. त्यात बर्फाचा कण नसतो. पाण्याचे थेंब एकमेकांवर आदळून, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि खाली येतात. याला उष्ण पाऊस म्हणतात. डोंगर मागून सतत नवे बाष्प वर ढकलत असल्यामुळे हा पाऊस तासन्‌तास थांबत नाही, आणि त्यामुळेच महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर घाट उतरून वाईला गेले की तो हजारांच्या आत येतो. महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१२ पासून ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा चालवली आहे, ती तेथेच असण्याचे कारणही हेच. डोंगराच्या माथ्यावर ठेवलेले उपकरण आपोआप ढगाच्या आत असते.

३५,७८६ किलोमीटरवरून अवरक्त वाहिनीत पाहिले तर हा ढग जेमतेम थंड, फिकट आणि निरुपद्रवी दिसतो. समुद्रावरच्या बिनपावसाच्या ठेंगण्या ढगांत आणि त्याच्यात तापमानाने फारसा फरक नसतो.

२६ जुलै २०२४, शुक्रवार

काल सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्यात शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत लोकांच्या घरांत ते शिरले.

आमच्या अंदाजात त्या पट्ट्यात पाऊस होता, जोरदारही होता, पण डोंगरावर प्रत्यक्षात कोसळलेल्या पावसाच्या जवळपासही तो नव्हता. पूर्व उतारावर, म्हणजे शहराच्या बाजूला, तूट कमी आणि धारेवर सर्वांत जास्त. वेळ बरोबर होती, जागा दुरुस्त केलेली होती. उरलेली तूट त्या ढगाची होती, असे आता मी जबाबदारीने लिहू शकते. धरणात येणारे पाणी शहरात पडत नाही, ते धारेवर पडते, आणि ज्याला या अंदाजाची सर्वांत जास्त गरज आहे त्याच ठिकाणी तो सर्वांत दुबळा आहे.

मॅडमनी विचारले की सूक्ष्मतरंग उपग्रहांचा आधार घेऊन ही तूट का भरू नये. जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या उपग्रहावरील रडार ढगाच्या आत पाहते हे खरे, पण ते एका ठिकाणावरून क्वचित जाते, त्याचा पट्टा २४५ किलोमीटरचाच आहे, आणि डोंगराळ भागात जमिनीवरून येणाऱ्या प्रतिध्वनीमुळे जमिनीलगतचा सुमारे एक-दोन किलोमीटरचा थर त्यालाही नीट वाचता येत नाही. उष्ण पाऊस नेमका त्या थरात वाढतो. ज्या मापनावर आमची पद्धत शिकली आहे त्या मापनालाच तो पाऊस पुरता दिसलेला नाही.

१३ ऑगस्ट २०२४, मंगळवार

एक वाट सापडली आहे, निदान दिवसापुरती. १.६ मायक्रॉनच्या लघुतरंग अवरक्त वाहिनीत ढगाने परतवलेला सूर्यप्रकाश माथ्यावरील थेंबांच्या आकारावर अवलंबून असतो. थेंब मोठे असतील तर प्रकाश अधिक शोषला जातो आणि ढग काळपट दिसतो. दृश्य वाहिनीतील चकाकीवरून ढगाची जाडी कळते. दोन्ही एकत्र घेतल्या की थेंबांची परिणामी, म्हणजे ढोबळ सरासरी, त्रिज्या काढता येते, आणि ती सुमारे १४ मायक्रॉनच्या पुढे गेली की थेंब एकमेकांना गिळून पावसाएवढे होऊ लागतात, हे अभ्यासातून माहीत आहे. म्हणजे तापमानाने सारखे दिसणारे दोन ठेंगणे ढग, त्यांतील कोणता बरसतो आहे आणि कोणता नाही, हे या वाहिन्या सांगू शकतात.

पावसाचे प्रमाण यातून मिळत नाही. मिळतो तो होकार किंवा नकार. म्हणून यातून आकडा न काढता एक संकेतांक काढायचे ठरवले: घाटाच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून बाष्पाचा जोरदार प्रवाह असताना, जाड आणि मोठ्या थेंबांचा उष्ण ढग दिसला तर ‘अंदाज कमी असण्याची शक्यता’. प्रमाण वाढवून दाखवण्यापेक्षा हे प्रामाणिक आहे, असे माझे मत आहे. बैठकीत यावर बराच वाद झाला. आकडा मागणाऱ्याला संकेतांक देणे म्हणजे काम अर्धवट टाकणे, असे दोघांचे म्हणणे पडले.

३१ ऑगस्ट २०२४, शनिवार

हा आठवडा गुजरातेतच पावसाचा होता. वडोदऱ्यात विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, अहमदाबादेतही रस्ते बुडाले आणि आमच्यातील काही जणांना घरूनच काम करावे लागले. जमिनीवरून सरकत आलेला अतितीव्र कमी दाबाचा पट्टा कच्छवरून अरबी समुद्रात उतरला आणि काल त्याचे ‘असना’ चक्रीवादळ झाले. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये चक्रीवादळ होणे दुर्मीळच. याआधी असे १९७६ मध्ये झाले होते. येथील ढग उंच व थंड होते, त्यामुळे पावसाचा अंदाजही नेहमीच्या पद्धतीने ठीक आला.

२४ सप्टेंबर २०२४, मंगळवार

विषुवदिनाचा काळ. वर्षातून दोनदा, विषुवदिनाच्या आधी आणि नंतर साधारण तीन-तीन आठवडे, भूस्थिर उपग्रह रोज रात्री पृथ्वीच्या सावलीत शिरतो. ऐन विषुवदिनाच्या सुमारास सावली ७० मिनिटांहून थोडी अधिक टिकते. उपग्रह या वेळी बॅटरीवर चालतो, ते अभियंत्यांचे काम. आमची अडचण सावलीच्या आधीची आणि नंतरची आहे, कारण तेव्हा सूर्य पृथ्वीच्या कडेआडून थेट यंत्राच्या तोंडात डोकावतो, आरसा तापतो आणि कॅलिब्रेशन डळमळते. उपग्रहाचे रेखांश ८२ अंश आणि भारतीय प्रमाणवेळेचे साडेब्याऐंशी, त्यामुळे उपग्रहाची मध्यरात्र आणि घड्याळातील मध्यरात्र जवळजवळ एकच. रात्री बाराच्या आसपासच्या प्रतिमा माझ्या आकडेवारीतून वगळल्या. वगळलेल्या वेळांची यादी स्वतंत्र फाइलमध्ये आहे, जूनमधील धड्यानंतर अशा गोष्टी मी लपून राहू देत नाही.

काल राजस्थानातून मोसमी पावसाच्या परतीला सुरुवात झाली.

२६ ऑक्टोबर २०२४, शनिवार

‘दाना’ चक्रीवादळ २४ च्या रात्री उशिरा भितरकनिका आणि धामरा यांच्या दरम्यान ओडिशाच्या किनाऱ्यावर आले. घाटाचे काम या आठवड्यात बाजूला.

१५ जानेवारी २०२५, बुधवार

भारतीय हवामान विभागाला आज १५० वर्षे झाली. काल दिल्लीत ‘मिशन मौसम’चा प्रारंभ झाला, त्यात रडारांची संख्या वाढवण्यावर मोठा भर आहे. घाटाच्या दृष्टीने मला हे उपग्रहाइतकेच महत्त्वाचे वाटते. गेल्या मोसमात देशात सरासरीच्या १०८ टक्के पाऊस झाला. पण हा आकडा देशाचा आहे आणि माझी अडचण पंधरा-वीस किलोमीटर रुंदीच्या एका धारेची आहे.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये फक्त लिखाण केले: पद्धतीचे टिपण, वेळेच्या चुकीची नोंद, सरकीच्या दुरुस्तीचे सूत्र.

१७ फेब्रुवारी २०२५, सोमवार

प्रक्षेपणाला एक वर्ष झाले आणि माझी मुदतही संपली. वादानंतर दोन्ही गोष्टी ठेवायचे ठरले: पावसाचा आकडा पूर्वीच्याच पद्धतीने, फक्त सरक दुरुस्त करून, आणि त्याच्या शेजारी घाटाच्या पट्ट्यासाठी दिवसाचा संकेतांक. जूनपासून तो चाचणीसाठी चालेल.

रात्रीचा प्रश्न सुटलेला नाही. सूर्यप्रकाश नसताना १.६ मायक्रॉनची वाहिनी आंधळी असते. ३.९ मायक्रॉनच्या वाहिनीने रात्री ठेंगणे ढग ओळखता येतात, पण जाड ढगातील थेंबांचा आकार त्यावरून भरवशाने काढणे मला जमलेले नाही. जुलैतील मुंबईचा पाऊस रात्रीचा होता आणि ताम्हिणीच्या पावसाचाही मोठा भाग रात्रीत गेला. त्या रकान्यात शून्य भरण्याची सूचना आली होती, म्हणजे फाइलची मांडणी एकसारखी राहिली असती. मी तेथे ‘माहिती नाही’चा संकेतांक ठेवला आहे, कारण शून्य ठेवले तर वापरणारा त्याचा अर्थ ‘धोका नाही’ असा घेईल.